नवीन सिस्टीम आणली की माणसं अडून का बसतात?

एक तक्रार मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. "सर, बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं, पैसे भरले, पण आमची जुनी माणसं वहीच सोडत नाहीत. त्यांना बदल नकोच आहे."

खरंच नको असतो का? चला, एका जुन्या अभ्यासातून समजून घेऊ.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास मक्याचं संकरित बियाणं आलं. उत्पादन जास्त, दुष्काळातही पीक तग धरून उभं राहायचं. पण बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागायचं, घरचं चालायचं नाही. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन अभ्यासकांनी तिथल्या दोन गावांतल्या शेतकऱ्यांना भेटून १९४३ मध्ये निष्कर्ष मांडले. बियाणं चांगलं होतं, तरी बहुतेकांनी ते ऐकल्यापासून वापरेपर्यंत कित्येक वर्षं घेतली. आणि घेतलं तेव्हाही आधी थोड्याच जमिनीत पेरून पाहिलं. बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण विश्वास बसला तो शेजाऱ्याचं शेत बघून!

त्याच आयोवात एव्हरेट रॉजर्स नावाचा मुलगा वाढत होता. त्याच्या वडिलांना नवीन यंत्रं आवडायची, पण हे बियाणं मात्र नको होतं. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा राहिला, यांचा वाळला. पुढे याच रॉजर्सने १९६२ मध्ये बदल समाजात कसा पसरतो यावर पुस्तक लिहिलं. त्याने माणसांचे पाच गट केले: सगळ्यात आधी उडी मारणारे २.५ टक्के, मग विचार करून पुढे येणारे १३.५ टक्के, त्यांचं बघून येणारे ३४ टक्के, उशिरा येणारे ३४ टक्के आणि शेवटचे १६ टक्के.

यातून धडा काय? एकच माणूस एका बदलाला "हो" म्हणतो आणि दुसऱ्याला "नाही". तुमचे काउंटरवरचे काका बघा. मोबाईलवर यूपीआय झटपट करतात, मग सॉफ्टवेअरला विरोध का? कारण कोणाची किती उधारी आहे हे आजवर फक्त त्यांना तोंडपाठ होतं. त्यावर दुकानात त्यांचा मान होता. उद्या कालचा पोरगा त्यांना शिकवणार. त्यांची अडचण मानाची आहे, बटणांची नाही.

मग करायचं काय?

१. आधी विचारा, "यात तुमचं काय अडतं?" आणि मधे न बोलता ऐका.

२. त्यांच्या अनुभवाला जागा द्या. उधारीची यादी सॉफ्टवेअरमध्ये चढवताना तपासणी काकांकडेच द्या. चूक त्यांनाच सापडणार!

३. सगळं दुकान एकदम बदलू नका. एक काउंटर, पंधरा दिवस. शेतकऱ्यांनी तेच केलं होतं.

४. पहिला वापरणारा निवडताना फक्त हुशारी बघू नका. बाकीचे ज्याचं ऐकतात, असा माणूस घ्या.

५. फायदा डोळ्यांना दिसू द्या. "रात्रीचा हिशोब लवकर मिटला, घरी लवकर गेलो," हे तुम्ही सांगण्यापेक्षा सोबतच्या माणसाने सांगितलेलं पटतं.

६. वही बंद करायची तारीख सगळ्यांसमोर ठरवा. नाहीतर दोन्ही चालू राहतात, काम दुप्पट होतं आणि दोष सॉफ्टवेअरला जातो.

आणि हो, कधी कधी विरोध करणारा बरोबरही असतो. सिस्टीममध्ये खरीच खोट असेल, तर ती सगळ्यात आधी रोज गिऱ्हाईक सांभाळणाऱ्यालाच कळते. म्हणून "नाही" ऐकलं की चिडू नका, कारण लिहून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानातल्या प्रत्येक माणसाचं नाव कागदावर लिहा. नावापुढे एकच गोष्ट लिहा, या बदलात त्याच्या हातून काय जाणार आहे? ते कळलं की बदल्यात त्याला काय द्यायचं, तेही सुचेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत.