जुने गवत-मशीन सुरू होत नाही? आधी तपासणी, मग पाना

पावसाच्या दोन-चार सरी पडल्या की अर्धापूर परिसरातील केळीच्या बागांत आणि धुऱ्यांवर गवत माजते. वेळेवर मजूर मिळत नाही. मग उन्हाळाभर गोठ्यात पडून असलेले पेट्रोलवरचे गवत कापण्याचे मशीन बाहेर निघते. वीस-वीस वेळा दोरी ओढली तरी ते सुरू होत नाही. शेवटी ते मोटारसायकलवर बांधून दुकानात येते आणि शेतकरी विचारतो, "इंजिन गेले का?"

बहुधा इंजिन गेलेले नसते. शाळा-कॉलेजांच्या मैदानावर हिरवळ कापणारे मशीन असो की खांद्यावर अडकवायचे, इंजिनाला चारच गोष्टी लागतात: ताजे पेट्रोल, योग्य वेळी ठिणगी, हवा आणि दाब. या क्रमाने तपासले तर बरेच दोष काही न उघडताच सापडतात.

आमची चूक

हा क्रम आम्ही नुकसान सोसून शिकलो. एका शेतकऱ्याच्या मशीनला आम्ही सरळ नवा कार्बोरेटर बसवला. मशीन तरीही मुकेच. नंतर पाहिले तर बंद करण्याच्या बटणाची वायर घासून उघडी पडली होती व पाइपला टेकत होती. त्यामुळे ठिणगीच पडत नव्हती. चिकटपट्टीच्या तुकड्याचे काम होते. आम्ही कार्बोरेटरचे पैसे परत केले, पण ऐन हंगामातले त्याचे दोन दिवस परत करता आले नाहीत.

पहिले पेट्रोल

टाकीतील पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ स्थिर ठेवावे. आंबूस वास आला, रंग काळपट दिसला किंवा तळाशी वेगळा थर बसला तर ते मशीनमध्ये घालू नये. आज या तपासणीला जास्त महत्त्व आहे. २०२२ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी फार झाले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि इंजिन तळाचेच ओढते. जुन्या मशीनची रबरी नळी व कार्बोरेटरमधील पातळ पडदा यांनाही असे पेट्रोल सोसत नाही. नळी चिरलेली किंवा पडदा कडक झालेला दिसला तर तो बदलावा.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. प्रमाण ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलि, २५ ला १ असेल तर ४० मिलि. कोणते प्रमाण घ्यायचे ते मशीनच्या पुस्तिकेत पाहावे. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते.

दुसरी ठिणगी

दोरी ओढून झाल्यावर प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. टाकीतील गाळणी, नळी व कार्बोरेटरचे बारीक छिद्र तपासावे. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. चोक उघडा करून, प्लग बाहेर ठेवून दोरी चार-सहा वेळा ओढावी, प्लग पुसून कोरडा करावा.

मग सांडलेले पेट्रोल पुसून, टाकीचे झाकण लावून, प्लगचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून दोरी ओढावी. प्लग त्याच्या छिद्रापासून दूर धरावा, नाहीतर आतील वाफ पेट घेते. निळी, ठसठशीत ठिणगी दिसली तर बरे. नसेल तर दुसरा प्लग लावून पाहावा. बऱ्याच छोट्या इंजिनांत प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी असते. तरीही ठिणगी नसेल तर बटणाची वायर तपासणीपुरती सोडवावी. ठिणगी आली तर दोष बटणात किंवा वायरीत आहे, नाही आली तर कॉइल पाहावी.

हिरवळीच्या मशीनचे पाते दगडावर आदळले असेल तर फ्लायव्हीलची चावी तुटलेली असू शकते. मग ठिणगी असते, पण चुकीच्या वेळी पडते.

तिसरी हवा, चौथा दाब

धुळीने भरलेला फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. सायलेन्सरच्या जाळीवरची काजळी खरवडून काढावी. आतील हवा बाहेर पडली नाही तर नवी आत येणार नाही.

शेवटी प्लग घट्ट बसवून दोरी हळू ओढावी. हाताला अडल्यासारखे लागले तर दाब आहे. दोरी मोकळीच फिरली तर प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून पुन्हा ओढावी. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत. इंजिन खोलण्याची वेळ इथे येते, त्याआधी नाही.

कारागीर आणि शेतकरी दोघांसाठी

कारागीर बंधूंनी दोष काय सापडला हे चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हाती ठेवावा. पुढच्या हंगामात तोच ग्राहक शेजाऱ्याला घेऊन येतो, हा आमचा अनुभव आहे. शेतकरी बंधूंनी काम संपल्यावर टाकी रिकामी करावी व उरलेले पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. एवढे केले तर पुढच्या पावसाळ्यात निम्मी दुरुस्ती लागणारच नाही.