जुन्या मालमोटारीचा पहाटेचा आवाज : परीक्षा व उपाय

शेतात पिकविलेला माल वेळेवर बाजारात किंवा कारखान्यात पोहोचला, तरच शेतकऱ्याच्या श्रमांचे चीज होते. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे सांगण्यात येते; कारण विलंब होईल तसतसे उसाचे वजन घटते आणि साखरेचा उताराही कमी होतो. भाजीपाला व दूध यांना तर तेवढीही सवड नसते. अशा वेळी भरलेली मालमोटार वाटेत बंद पडली, तर दुरुस्तीचा खर्च आणि मालाचे नुकसान असा दुहेरी भार शेतकऱ्यावर पडतो.

महाराष्ट्रात उसाचा गळीत हंगाम सर्वसाधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो व ऐन थंडीत भरास येतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात काही दिवशी पारा ५ अंश सेल्सियसच्याही खाली उतरतो. अशा पहाटे जुनी मालमोटार सुरू करताना खडखड, टकटक किंवा किरकिर असे आवाज ऐकू येतात. 'थंडी आहे, गरम झाली की बसेल,' असे म्हणून पुष्कळ चालक त्यांकडे दुर्लक्ष करतात. काही आवाजांच्या बाबतीत हे म्हणणे खरे असते. काहींच्या बाबतीत मात्र ते फार महागात पडते. हा भेद कसा ओळखावा, याचे विवेचन पुढे केले आहे. ते यांत्रिक इंधनपंप असलेल्या जुन्या डिझेल मालमोटारींना लागू आहे. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे डिझेल मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. त्या काळापासून रूढ झालेली ही साधी रचना बहुतेक ग्रामीण मिस्त्रींच्या परिचयाची आहे.

थंड इंजिन आवाज का करते?

इंजिन रात्रभर उभे राहिले म्हणजे बेअरिंग, टॅपेट इत्यादी भागांवरील वंगण तेल ओघळून खाली चेंबरमध्ये जमते. थंडीने ते घट्टही होते. सकाळी इंजिन फिरू लागल्यावर तेल पुन्हा सर्वत्र पोहोचेपर्यंत काही क्षण जातात व तेवढा वेळ धातूवर धातू आपटतो.

दुसरे कारण असे की, थंड स्थितीत पिस्टन व सिलिंडर यांच्यामधील फट अधिक असते. अॅल्युमिनियमचा पिस्टन उष्णतेने बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक प्रसरण पावतो व ही फट भरून काढतो.

तिसरे कारण डिझेलच्या ज्वलनाशी निगडित आहे. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेट घेते. सिलिंडर थंड असल्यास ते क्षणभर उशिरा पेटते, तोवर आत साठते आणि मग एकदम भडकते. त्यामुळे कडक ठोका ऐकू येतो.

परीक्षेची पूर्वतयारी

ही परीक्षा रात्रभर बंद असलेल्या इंजिनावरच करावी. पुष्कळदा असे घडते की, चालक सकाळी आवाज ऐकतो, गाडी चालवीत मिस्त्रीकडे नेतो आणि तेथे पोहोचेपर्यंत इंजिन गरम होऊन आवाज नाहीसा होतो. मग मिस्त्रीस अंदाजाने काम करावे लागते. सबब गाडी आदल्या संध्याकाळीच मिस्त्रीकडे उभी करावी, किंवा मिस्त्रीस पहाटे गाडीपाशी बोलवावे.

गाडी सपाट व उघड्या जागी उभी करावी. बंद गोठ्यात किंवा वखारीत इंजिन चालू ठेवू नये. धूर विषारी असतो. गिअर काढावा, हातब्रेक ओढावा व चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. उपरणे, धोतराचा सोगा, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी. नंतर वंगण तेलाची पातळी पट्टीने पाहावी. पातळी कमी असल्यास प्रथम तेल पुरे करावे. ती खुणेच्या वर चढलेली दिसल्यास तेलात डिझेल किंवा पाणी मिसळत असण्याचा संभव असतो. तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे असे समजून इंजिन सुरूच करू नये.

आवाज केव्हा होतो, हे प्रथम पाहावे

आवाज किती मोठा आहे, यापेक्षा तो केव्हा होतो व इंजिन तापल्यावर त्याचे काय होते, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्या दृष्टीने आवाजांचे चार वर्ग पडतात.

१. इंजिन पेट घेण्यापूर्वीचा आवाज : हा बहुधा स्टार्टरचा असतो. नुसती कटकट होऊन इंजिन फिरत नसेल, तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिची टोके सैल वा गंजलेली असतात. ती घासून घट्ट केल्याने पुष्कळदा काम भागते. करकर असा दाते घासल्याचा आवाज आल्यास स्टार्टरच्या पिनियनचे किंवा फ्लायव्हीलच्या कड्याचे दाते झिजले आहेत, असे समजावे. इंजिन सुरू झाल्यावरही तीव्र घरघर चालू राहिली, तर पिनियन मागे सरकलेला नाही. इंजिन ताबडतोब बंद करावे.

इंजिन थोडे फिरून 'धप्' आवाजासह एकदम अडले, तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचले असण्याचा संभव असतो. पातळ पदार्थ दबत नाही. अशा वेळी पुन्हा स्टार्टर मारल्यास किंवा गाडी ढकलल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. येथे हात थांबविणे हाच उपाय होय.

२. पहिल्या काही सेकंदांचा आवाज : सुरू होताच खडखड होऊन दोन-तीन सेकंदांत ती थांबली, तर तेल पोहोचण्यास विलंब होत आहे. तेलगाळणीतील, तेल परत ओघळू न देणारी झडप निकामी झाल्यानेही असे होते. योग्य प्रतीचे तेल व नवी गाळणी घातल्यावर हा आवाज गेला, तर काळजीचे कारण नाही. तथापि तो जाड, खोल ठोक्याचा असून दर आठवड्यास अधिक काळ टिकू लागला, तर बेअरिंग झिजत असल्याची ती पूर्वसूचना होय.

३. इंजिन तापेपर्यंत टिकणारा आवाज : पोकळ डब्यावर थाप मारल्यासारखा ठोका तापल्यावर कमी होत असेल, तर तो झिजलेल्या पिस्टनचा असतो. त्याबरोबर निळसर धूर व तेलाचा वाढता खप आढळल्यास इंजिनाचे मोठे काम जवळ आले आहे; परंतु हंगाम पार पाडता येणे शक्य असते. कडक, धातुमय ठोक्यासह पांढरा धूर येत असेल, तर ज्वलन नीट होत नाही. नोझल व इंधन सुटण्याची वेळ तपासून घ्यावी. फटफट असा आवाज तापल्यावर बसत असेल, तर मॅनिफोल्डच्या सांध्यातून वायू गळत असतो. त्या जागी काजळीचा काळा ओघळ दिसतो.

हलकी, जलद टकटक वरच्या झाकणातून येत असेल, तर ती टॅपेटची समजावी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार फीलर गेजने फट जुळवून घ्यावी. पट्ट्याची किरकिरही याच वर्गात मोडते.

४. तापल्यावर वाढणारा आवाज : हा सर्वांत धोक्याचा होय. तेल तापून पातळ झाले म्हणजे झिजलेल्या बेअरिंगमधील फट ते भरून काढू शकत नाही. खोल, जड ठोका वाढतो आणि गाडीवर ओझे आले की अधिकच स्पष्ट होतो. असा आवाज आल्यास माल भरू नये.

कोणत्याही वर्गाच्या आवाजाबरोबर तेलदाबाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. सुरू झाल्यापासून दहा सेकंदांत काटा वर चढला नाही किंवा तांबडा दिवा विझला नाही, तर कारणाचा विचार करीत न बसता इंजिन बंद करावे.

आवाजाचे ठिकाण शोधणे

एक हातभर लाकडी काठी घेऊन तिचे एक टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर व दुसरे कानाशी धरावे. आवाज जेथे सर्वांत स्पष्ट, तेथे त्याचे मूळ असते. काठी पंख्याच्या व पट्ट्याच्या जवळ नेऊ नये.

पट्ट्याविषयी संशय असल्यास दुरून त्यावर थोडे पाणी शिंपडावे. आवाज क्षणभर बदलला, तर पट्टा सैल किंवा झिजलेला आहे. बदलला नाही, तर इंजिन बंद करून पट्टा काढावा व फार तर अर्धा मिनिट इंजिन चालवावे. आवाज गेल्यास दोष डायनॅमो, पाण्याचा पंप किंवा पंखा यांच्या बेअरिंगमध्ये आहे. क्लचचे पेडल दाबताच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे बेअरिंग पाहावे. पेडल दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरपेटीचे.

आवाज कोणत्या सिलिंडरमध्ये आहे, हे मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करून ओळखतात. त्या सिलिंडरचे ज्वलन थांबल्यावर ठोका कमी झाला, तर दोष त्याच सिलिंडरच्या नोझल, पिस्टन किंवा बेअरिंगमध्ये असतो. टॅपेटची टकटक मात्र तशीच राहते. हे काम जाणत्या मिस्त्रीनेच, डोळ्यांचे रक्षण करून करावे. दाबाखालील डिझेलची धार कातडीत शिरून गंभीर इजा होते. नव्या, संगणकनियंत्रित इंजिनांवर हा प्रयोग मुळीच करू नये.

जुन्या तेलाची साक्ष

बेअरिंगविषयी शंका असल्यास इंजिन उघडण्यापूर्वी तेल काढून पांढऱ्या फडक्यातून गाळावे. फडक्यावर चमकणारे कण दिसल्यास त्यांवर लोहचुंबक फिरवावा. चुंबकास चिकटणारे कण लोखंडी भागांचे असतात. न चिकटणारे, तांबूस किंवा रुपेरी कण बहुधा बेअरिंगच्या मुलाम्याचे असतात. या वेळी बेअरिंगचे कवच बदलल्याने भागते. तशीच गाडी दामटल्यास क्रँकशाफ्ट खराब होतो, प्रसंगी रॉड तुटून इंजिनाचा ठोकळाच फुटतो.

टाळावयाच्या चुका

- थंड इंजिन सुरू होताच जोराने रेस करू नये. तेल पोहोचण्यापूर्वीच झीज वाढते.
- स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक काळ मारू नये. मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्यावी.
- चेंबरखाली किंवा डिझेलच्या टाकीखाली जाळ करू नये.
- आवाज दबावा म्हणून अतिशय घट्ट तेल घालू नये. दोष तसाच राहतो व थंडीत तेल वर चढण्यास अधिक उशीर लागतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

हंगामापूर्वी गावातील मालमोटारींच्या मालकांना व चालकांना एका पहाटे एकत्र बोलावून वरील परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. प्रत्येक गाडीसाठी एक लहान वही ठेवण्यास सांगावे. तीत तारीख, तेलाची पातळी, आवाज किती सेकंद टिकला, तेलदाबाचा काटा केव्हा चढला व धुराचा रंग कोणता होता, एवढेच लिहावे. आज तीन सेकंद टिकणारा ठोका पंधरा दिवसांनी आठ सेकंद टिकू लागला, तर ते कानास कदाचित जाणवणार नाही. वहीत मात्र ते दिसल्याशिवाय राहणार नाही.

जनावर चारा खाईनासे झाले, तर शेतकरी त्याच दिवशी चौकशी करतो. मालमोटारीच्या बाबतीतही हीच तत्परता हवी. पहाटे इंजिनापाशी शांतपणे उभे राहून ऐकलेले एक मिनिट शेतकऱ्याचा भरलेला माल आणि हंगामाची कमाई वाचवू शकते.