दावणीच्या गायीचा माज ओळखा, २१ दिवस वाचवा



पाथर्डी तालुक्यातील तिसगाव आणि आसपासच्या अवर्षणप्रवण भागात दोन-तीन संकरित गायींच्या दुधावर अनेक घरांचा रोजचा खर्च चालतो. पाऊस कमी पडला की कडबा विकत घ्यावा लागतो. अशा वेळी भाकड गाय दावणीला सांभाळणे परवडत नाही. गाय वेळेवर गाभण न राहण्याचे कारण दर वेळी गायीतला दोष नसतो. पुष्कळदा ती माजावर येऊन जाते आणि आपल्या लक्षात येत नाही.

८५ दिवसांचे गणित

गायीचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. वर्षाला एक वेत हवे असेल तर व्याल्यानंतर ८५ दिवसांत गाय गाभण राहिली पाहिजे. व्याल्यानंतर ६० दिवस गर्भाशयाला विश्रांती द्यावी. माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते. ६० व्या दिवसाचा माज हुकला तर पुढचा ८१ व्या दिवशी आणि तोही हुकला तर त्यापुढचा १०२ व्या दिवशी येतो. म्हणजे आपल्या हाती जेमतेम दोन संधी असतात. एक माज हुकला की २१ दिवसांचा चारा, खुराक आणि मजुरी अंगावर पडते. आपल्या गोठ्यातील रोजच्या खर्चाला २१ ने गुणून पाहावे.

माजाची लक्षणे

१) सुरुवातीचा माज : गाय बेचैन होते, हंबरते, चारा कमी खाते, कान टवकारते. दूध अचानक कमी होते किंवा गाय पान्हा चोरते. सोट पातळ, पाण्यासारखा असतो.

२) ऐन माज : दुसरे जनावर पाठीवर चढले तर गाय स्थिर उभी राहते. ही माजाची सर्वात खात्रीची खूण होय. योनी सुजलेली व आतून लालसर दिसते. सोट काचेसारखा स्वच्छ व चिकट असून तारेसारखा लोंबतो. गाय वारंवार थोडी थोडी लघवी करते व शेपटी बाजूला धरते.

३) उतरता माज : गाय शांत होते, पाठीवर चढू देत नाही. सोट घट्ट व गढूळ होतो.

बांधलेल्या गायीकडे कसे पाहावे?

एक-दोन गायी दावणीला बांधलेल्या असतात तेथे पाठीवर चढण्याची खूण दिसणे कठीण. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

• पहाटे धारेपूर्वी, दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी २० ते ३० मिनिटे गोठ्यात शांतपणे निरीक्षण करावे. माजाची लक्षणे रात्री व पहाटे अधिक दिसतात.
• गाय बसलेली असताना सोट बाहेर येतो. म्हणून शेण काढण्यापूर्वी गायीच्या मागची जागा पाहावी. शेपटीला व मांड्यांना वाळलेला सोट चिकटला आहे का, तेही पाहावे.
• सकाळ-संध्याकाळ गायी थोडा वेळ मुरमाच्या अंगणात मोकळ्या सोडाव्यात. निसरड्या फरशीवर जनावरे एकमेकांवर चढत नाहीत.
• धार काढणाऱ्या व्यक्तीला दुधातील घट आधी कळते. बहुतेक घरी हे काम महिला करतात. त्यांच्या सांगण्याकडे दुर्लक्ष करू नये.

उन्हाळ्यात माज कमी वेळ टिकतो व लक्षणे सौम्य असतात. यालाच मुका माज म्हणतात. म्हशींमध्ये तो विशेष आढळतो. सावली, भरपूर थंड पाणी आणि अंगावर पाणी मारणे यांचा उपयोग होतो.

भरवण्याची योग्य वेळ

संकरित गायीचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. स्त्रीबीज माज संपल्यानंतर सुमारे १० ते १२ तासांनी सुटते आणि थोडेच तास जिवंत राहते. म्हणून माज दिसताच घाई करू नये व उशीरही करू नये.

• सकाळी माज दिसल्यास त्याच दिवशी संध्याकाळी रेतन करावे.
• संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी करावे.

हल्ली कालवडी मिळण्यासाठी लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरतात. त्या महाग असल्याने वेळ अचूक साधणे अधिकच महत्त्वाचे आहे.

माज हुकला तर

माज संपल्यानंतर एक ते तीन दिवसांत काही गायींच्या, विशेषतः कालवडींच्या, योनीतून थोडे रक्त पडते. त्यावरून गाय ठरली किंवा ठरली नाही, असा अर्थ काढू नये. न भरवलेल्या गायीत रक्त दिसले तर माज होऊन गेला असे समजावे आणि त्या वेळी रेतन करू नये. ती तारीख लिहून ठेवावी व १६ व्या दिवसापासून गायीवर लक्ष ठेवावे.

नोंद ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर गायीचे नाव, व्याल्याची, माजाची व रेतनाची तारीख लिहावी. समजा, गाय ५ जानेवारीला माजावर आली. पुढचा माज २६ जानेवारीच्या आसपास अपेक्षित आहे. २३ ते २९ जानेवारी या काळात निरीक्षण वाढवावे. रेतनानंतर माज दिसला नाही म्हणजे गाय गाभणच आहे असे धरू नये. ६० ते ७५ दिवसांनी पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी.

पशुवैद्यकाला केव्हा बोलवावे?

• व्याल्यानंतर ६० ते ९० दिवसांत माज न दिसल्यास.
• सोट पांढरा, पिवळा किंवा दुर्गंधीयुक्त असल्यास. अशा गायीला भरवू नये.
• तीन वेळा भरवूनही गाय उलटल्यास.
• गाभण गाय माजाची लक्षणे दाखवत असल्यास. तपासणीशिवाय रेतन केल्यास गर्भपात होऊ शकतो.

नुसत्या कडब्यावर पोसलेली, जंत झालेली गाय नियमित माजावर येत नाही. रोज थोडा तरी हिरवा चारा, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि वेळेवर जंतनाशक द्यावे.

बंधूंनो, यातील बहुतेक कामांना पैसा लागत नाही. आजच कॅलेंडर काढा, प्रत्येक गाय व्याल्याची तारीख लिहा आणि त्यापुढे ६०, ८१ व १०२ व्या दिवसांवर खूण करा. १०२ वी खूण येण्यापूर्वी गाय गाभण राहील, हे पाहणे आपल्याच हाती आहे.