डॉक्टरकी ठेवून तोफखान्यात जाणाऱ्यांसाठी

अधूनमधून एखादा इंटर्न माझ्या दवाखान्यात येतो आणि पेशंट संपेपर्यंत बाकावर बसून राहतो. औषध नको असतं. एमबीबीएस होत आलेलं असतं, फौजेत जायचं असतं, पण आर्मी मेडिकल कोअरमध्ये, म्हणजे एएमसीत नाही. पायदळात, तोफखान्यात, सिग्नल्समध्ये. मी त्या वाटेने जाऊन आलोय. सरकारी कॉलेजातून डॉक्टर, मग चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी (ओटीए), तोफखान्यात शॉर्ट सर्व्हिस, मेजर होऊन बाहेर आणि आता सातारा जिल्ह्यात पुन्हा डॉक्टरकी. त्या पोरांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

१. आधी जन्मतारीख बघा, देशप्रेमाचं नंतर.

फौजेत अधिकारी होण्यासाठीची सीडीएस परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीसाठी वयाची मर्यादा २४, चेन्नईच्या ओटीएसाठी २५, आणि मुलगा अविवाहित हवा. एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. अठराव्या वर्षी नीट काढलेला मुलगा साडेतेवीसला मोकळा होतो. नीट रिपीट केली असेल तर डेहराडून हातचं गेलंच. त्यात सरकारी कॉलेजचं एक वर्षाचं बंधपत्र. ते कधी आणि कसं पुरं करायचं, हे कॉलेजच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. सीनियरने सांगितलेलं धरून चालू नका. हा सगळा हिशेब दुसऱ्या वर्षातच मांडावा लागतो.

ओटीएला गणिताचा पेपर नसतो, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढंच. बारावीला बायोलॉजी घेऊन गणिताला रामराम ठोकलेल्यांना ही मोठी सोय. मीही त्यावर खूश होतो. पुढे देवळालीच्या तोफखाना स्कूलमध्ये कळलं की वर्तुळाचे ३६० अंश नसतात, ६४०० मिल असतात, आणि गोळा कुठे पडणार हे त्रिकोणमितीच ठरवते.

२. ‘एएमसी का नाही?’ याचं उत्तर तयार ठेवा.

लेखी परीक्षेनंतर निवड मंडळापुढे, म्हणजे एसएसबीपुढे, मुलाखत होते, तिथे हा प्रश्न येणारच. मला तो त्याआधी आमच्या भावकीतल्या एका निवृत्त सुभेदार काकांनी विचारला. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, फौजेत जाण्याचं इथे कोणाला नवल नाही. पण काका म्हणाले, “डॉक्टरसाहेबाला पलटणीत सगळे मान देतात. तो सोडून तू चिखलात कशाला लोळतोस?” ‘हॉस्पिटलचा कंटाळा आला’ हे खरं असलं तरी ते उत्तर नव्हे. कंटाळा आलेला माणूस पलटणीलाही कंटाळेल, हे समोरचा अधिकारी ओळखून असतो. काय सोडतोय ते सांगू नका, काय करायचंय ते सांगा. मला माणसांची एक तुकडी घेऊन एखादं काम तडीस न्यायचं होतं. तेवढंच बोललो.

एसएसबी पाच दिवसांची. त्यात एका चाचणीत ६० शब्द दाखवतात, प्रत्येकाला १५ सेकंद, आणि सुचेल ते वाक्य लिहायचं. डॉक्टरांच्या वाक्यांत सारखं कोणीतरी कोणाला तरी वाचवत असतं. बिघडत नाही, लिहा. सोंग आणलं की ते दिसतं.

३. पैसा आणि हुद्दा.

एमबीबीएस झालेला डॉक्टर एएमसीच्या शॉर्ट सर्व्हिसमध्ये वयाच्या तिशीपर्यंत जाऊ शकतो, एसएसबी न देता, आणि कॅप्टन म्हणून रुजू होतो. तुम्ही ओटीएतून निघाल ते लेफ्टनंट म्हणून. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० पासून, कॅप्टनचं ६१,३०० पासून. वर डॉक्टरांना मूळ वेतनाच्या २० टक्के नॉन-प्रॅक्टिसिंग भत्ता. म्हणजे तुमचाच वर्गमित्र एएमसीत गेला असेल तर पगार त्याला जास्त आणि सॅल्यूट तुम्ही करायचा. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची, वाढवली तर आणखी चार. पेन्शन नाही. घरच्यांना हे आधीच सांगा.

४. डॉक्टर सल्ला देतो, अधिकारी हुकूम देतो.

या दोन कामांतलं अंतर मला कोणत्याही वर्गात कळलं नाही, ते उंचीवर कळलं. ९,००० फुटांच्या वर जाणाऱ्या जवानाला टप्प्याटप्प्याने चढवतात: १२,००० फुटांपर्यंतच्या पहिल्या टप्प्यात सहा दिवस, १५,००० पर्यंतच्या दुसऱ्यात चार, त्याच्याही वर आणखी चार. १९६२ च्या युद्धाच्या वेळी आणि नंतर सपाटीवरची माणसं घाईने वर गेली, फुप्फुसात पाणी होऊन आजारी पडली. भारतीय लष्करी डॉक्टरांनी उंचीवर गेलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, तो जगभर वाचला गेला. डॉक्टर म्हणून हे सगळं मला पाठ होतं.

पण मी तिथे डॉक्टर नव्हतो. तोफ अमुक तारखेला अमुक ठिकाणी लागली पाहिजे, असा हुकूम होता. आणि सगळे दिवस पुरे करूनही एक गनर धापा टाकत “ठीक हूँ साब” म्हणत होता. आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर, म्हणाला, खाली पाठवा. त्याचं काम तिथे संपलं. माझं तिथून सुरू झालं: तोफेवरचा एक माणूस कमी, त्याच्या जागी कोण, तो थकलेला नाही ना, उशीर झाला तर वर काय सांगायचं. गनरला खाली पाठवला. बाकीच्यांनी एका माणसाचं जास्तीचं काम उचललं. बरोबरच झालं, पण त्या जास्तीच्या कामाने दुसरा कोणी पडला असता तर त्याचा जाब आरएमओला कोणी विचारला नसता.

हे ओझं ज्याला हवंसं वाटतं, त्याने या वाटेने यावं. ज्याला ते आरएमओचं वाक्य आपण म्हणावं असं वाटतं, त्याने एएमसीत जावं. दोन्ही कामं मोठी आहेत, पण एकाच माणसाला दोन्ही करता येत नाहीत.

५. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, नाक खुपसू नका.

‘साब डॉक्टर हैं’ ही बातमी रेजिमेंटमध्ये आठवड्यात पसरते. संध्याकाळी कोणी रक्ताचा रिपोर्ट घेऊन येतं, कोणी गावाकडच्या आईचा एक्स-रे. रिपोर्ट वाचून दाखवायला हरकत नाही, पण चिठ्ठी लिहायची नाही. आरएमओ बहुतेक वेळा तुमच्याहून लहान असतो आणि त्याचा शब्द त्या खोलीत शेवटचा असतो. सिक रिपोर्टवरच्या जवानाला ‘हा सोंग करतोय’ असं तुम्ही डॉक्टरी थाटात म्हणालात, की पुढचा खरा आजारी माणूस तुमच्यापासून दुखणं लपवेल.

६. लाल क्रॉस तुमच्यासाठी नाही.

१९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं २४ वं कलम युद्धात वैद्यकीय माणसांना संरक्षण देतं, पण केवळ वैद्यकीय कामावर असलेल्यांना. संरक्षण कामाला आहे, पदवीला नाही. तोफखान्यातला एमबीबीएस शत्रूच्या दृष्टीने इतर कोणाही अधिकाऱ्यासारखाच. एएमसीचा डॉक्टर जखमी शत्रूवरही उपचार करतो. तुम्ही वीस-पंचवीस किलोमीटरवर गोळा टाकता आणि तो पडताना दिसतही नाही. मात्र गोळ्याची कपची पोटात शिरली की आतड्याचं काय होतं, हे त्या गन पोझिशनवर फक्त तुम्हाला माहीत असतं. मला त्याने कधी हात आखडता घ्यायला लावला नाही. पण गोळा हा नुसता आकडा आहे असंही कधी वाटलं नाही. हे सहन होईल का, ते इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीत उभं असताना स्वतःला विचारा.

७. शौर्यासाठी शाखा बदलत असाल तर बदलू नका.

मेजर लैश्राम ज्योतिन सिंह एएमसीचे. २६ फेब्रुवारी २०१० ला काबूलमध्ये हल्ला झाला तेव्हा हातात शस्त्र नसताना त्यांनी आत्मघाती हल्लेखोराला कवटाळलं. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. कॅप्टन अंशुमान सिंह आरएमओ होते; जुलै २०२३ मध्ये सियाचीनला आग लागली, त्यात साथीदारांना वाचवताना गेले. त्यांना कीर्ती चक्र.

८. जुन्या उदाहरणांनी भुलू नका.

लक्ष्मी स्वामिनाथन, पुढच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल, मद्रास मेडिकल कॉलेजातून १९३८ मध्ये डॉक्टर झालेल्या. सिंगापूरला दवाखाना चालवत होत्या, १९४३ मध्ये आझाद हिंद सेनेच्या राणी झाँसी रेजिमेंटच्या प्रमुख झाल्या आणि नंतर कानपुरात कित्येक वर्षं पुन्हा डॉक्टरकी केली. अमेरिकेचे लिओनार्ड वूड हार्वर्डचे डॉक्टर, लष्करी सर्जन म्हणून सुरुवात केली आणि १९१० मध्ये लष्करप्रमुख झाले. दोघं असामान्य आणि काळही असामान्य. ‘आधी एएमसीत शिरू, मग तोफखान्यात बदली मागू’ असा बेत त्यांच्याकडे बघून आखू नका.

९. परतीची वाट मोडू नका.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी क्रेडिट पॉइंट लागतात. सुट्टीवर आलात की एखाद्या परिषदेला बसा. पस्तिशीत परतल्यावर नीट पीजीच्या हॉलमध्ये शेजारी पंचविशीची मुलं असतात. मी त्या वाटेला गेलो नाही. तालुक्याच्या एका जुन्या डॉक्टरांच्या ओपीडीत बसून औषधं नव्याने शिकलो, मग पाटी लावली.

१०. मुलींसाठी आणि पंचविशी उलटलेल्यांसाठी.

तोफखान्यात महिला अधिकारी २०२३ पासून आहेत. पायदळ आणि रणगाड्यांचं दार त्यांना अजून बंद आहे. वय निघून गेलेल्यांसाठी टेरिटोरियल आर्मी (टीए) आहे: १८ ते ४२ वय, पदवी आणि स्वतःची कमाई हवी. दवाखाना चालवणारा डॉक्टर तिथे पायदळाचा अधिकारी होऊ शकतो. कोल्हापूरला मराठा लाइट इन्फंट्रीची टीए बटालियन आहेच. वर्षाला साधारण दोन महिने द्यावे लागतात, पण गरज पडली तर जास्त काळ बोलावतात. तेव्हा अर्ज करण्याआधी दवाखाना सांभाळणारा दुसरा डॉक्टर शोधून ठेवा.