व्यवस्थापनशास्त्रातील संशोधनाचा पाया : हॉथॉर्नच्या निमित्ताने

व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी.साठी नाव नोंदविणारा विद्यार्थी बहुधा दोन गोष्टी बरोबर घेऊन येतो : एक विषय आणि एक प्रश्नावली. या दोहोंच्या मध्ये जे असावयास हवे ते, म्हणजे संशोधनाचा प्रश्न, पुष्कळदा मार्गदर्शकाकडून उसना घेतलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक आहे. परंतु पद्धतीची व्याख्याने ऐकून प्रश्न सुचत नाही. त्यासाठी एखादे प्रसिद्ध संशोधन मुळापासून उकलून पाहणे अधिक फलदायी ठरते.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. रिले जोडणाऱ्या पाच कामगार स्त्रियांना १९२७ साली वेगळ्या खोलीत बसविण्यात आले. विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास यांत फेरफार झाले आणि उत्पादन वाढत गेले. सवलती काढून घेतल्या तरी ते चढेच राहिले. कामगाराला पैशापेक्षा आपुलकी अधिक प्रिय असते, हा सिद्धान्त येथून निघाला आणि एल्टन मेयो यांच्या लेखनातून जगभर पसरला. आपल्याकडील क्रमिक पुस्तकांतही तो जवळजवळ याच शब्दांत आढळतो.

रोथलिसबर्गर व डिक्सन यांचा १९३९ चा मूळ ग्रंथ उघडला म्हणजे चित्र पालटते. पाचांपैकी दोघींना १९२८ च्या जानेवारीत, त्या सहकार्य करीत नाहीत म्हणून, खोलीतून काढून टाकण्यात आले होते. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी एकीवर घरची जबाबदारी होती आणि कामाची गती वाढविण्यात तीच पुढे होती. वेतनाची पद्धतही आरंभीच बदललेली होती : मोठ्या विभागाऐवजी या पाचजणींच्याच उत्पादनावर मोबदला ठरू लागला. दुसऱ्या एका गटात केवळ हा वेतनबदल करून पाहिला, तेव्हा उत्पादन बारा-तेरा टक्क्यांनी वाढले आणि बदल रद्द होताच खाली आले. सवलती काढून घेतलेल्या काळात तर आठवड्याचे एकूण उत्पादन वाढले असले, तरी ताशी वेग उतरला होता. आठवडा मोजावा की तास, एवढ्या साध्या निवडीवर निष्कर्ष उलटू शकतो!

ॲलेक्स कॅरी यांनी १९६७ मध्ये या विसंगतींवर कठोर टीका केली. १९७८ मध्ये फ्रँक व कौल यांनी मूळ आकडे संख्याशास्त्रीय रीतीने तपासले. शिस्त आणि आर्थिक मंदी यांचा प्रभाव त्यांना ठळकपणे दिसला. नवे क्षेत्रकार्य न करता, जुन्या नोंदींतूनच हे हाती आले, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले, त्यामागेही प्रचलित प्रत आणि मूळ संहिता एक नव्हेत ही जाणीव होती. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला पाठचिकित्सेचे हे शिक्षण कोणी देत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

काढून टाकलेल्या त्या दोघींविषयी बहुतेक क्रमिक पुस्तके मौन पाळतात. प्रयोगातून कोण वगळले गेले, कोणी वगळले, आणि उरलेल्यांवरून काढलेले अनुमान सर्वांना लागू पडते काय, हे प्रश्न आपल्या नमुन्याविषयीही विद्यार्थ्याने विचारावेत. भरून न आलेल्या प्रश्नावल्यांचा ढीग पुष्कळदा भरून आलेल्यांहून अधिक बोलका असतो.

काळाचा प्रश्न याहून अवघड आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस यांनी १९५३ साली स्वयंचलित मागांवरील कामगारांचे छोटे गट करण्याचा प्रयोग केला. त्यावरील ग्रंथ १९५८ साली निघाला आणि यशाचे उदाहरण म्हणून गाजला. एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा तेथे गेले, तेव्हा एका ठिकाणी गटपद्धती टिकून होती आणि इतरत्र ती बरीचशी मागे पडली होती. मिलर यांचा लेख १९७५ साली प्रसिद्ध झाला. राइस यांचे नाव घेणाऱ्या किती प्रबंधांत त्याचा उल्लेख आहे, हे कोणाही विद्यार्थ्याला ग्रंथालयात बसून पाहता येईल.