शोभेच्या माशांचे हौद आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू

शोभेच्या माशांचे संवर्धन हा ग्रामीण कुटुंबांना परवडणारा जोडधंदा आहे. परसातील दोनचार सिमेंटच्या हौदांत गप्पी, मॉली, गुरामी, गोल्डफिश किंवा कोई कार्प वाढविता येतात व घरच्या स्त्रियाही हे काम सहज सांभाळू शकतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील अशा लहान केंद्रांचा समावेश करण्यात आला, तो याच कारणाने.

या धंद्यात एक घातक प्रघात मात्र रूढ झालेला दिसतो. मासे मरू लागले की औषधाच्या दुकानातून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणावयाच्या आणि फोडून हौदात टाकावयाच्या. कोणी हटकल्यास उत्तर मिळते की, हे मासे कोणी खात नाही, मग औषध टाकण्यास हरकत कोणती? हे उत्तर वरवर पाहता बरोबर वाटते. परंतु मासा पोटात गेला नाही तरी हौदाचे पाणी हाताला लागते, अंगणात सांडते, नाल्याला मिळते व माशांबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जाते. म्हणून या प्रश्नाचा विचार पाण्यापासून केला पाहिजे.

रोगाचे मूळ कोठे असते?

माशांना पीडा देणारे एरोमोनास, स्यूडोमोनास, फ्लेव्होबॅक्टेरियम इत्यादी जिवाणू बाहेरून क्वचितच अचानक येतात. त्यांपैकी बरेचसे हौदातील पाण्यात, तळच्या गाळात व माशांच्या अंगावर नेहमीच वास करतात. पाणी चांगले असेल तोवर मासा त्यांना दाद देत नाही. हौदात दाटी झाली, न खाल्लेले खाद्य तळाशी कुजले, अमोनिया वाढला, पहाटेच्या वेळी पाण्यातील प्राणवायू कमी पडला किंवा जाळीने धरताना खवले निघाले, म्हणजे माशाची शक्ती खचते आणि या जिवाणूंचे फावते. मग पर व शेपूट कुजणे, अंगावर लाल चट्टे व व्रण पडणे, पोट फुगून खवले उभे राहणे ही लक्षणे दिसू लागतात. यास्तव मासे आजारी दिसताच प्रथम पाणी तपासावे. औषधाचा विचार त्यानंतरचा आहे.

पाण्यात टाकलेले औषध कोठे जाते?

गोड्या पाण्यातील मासा पाणी फारच थोडे पितो. त्यामुळे पाण्यात टाकलेल्या औषधाचा अल्प अंशच त्याच्या शरीरात पोहोचतो. शिवाय जड पाण्यातील चुना व मॅग्नेशियम यांच्याशी टेट्रासायक्लिनचा संयोग होतो व त्याचा गुण आणखी उणा होतो. आपल्याकडील पुष्कळ विहिरी व कूपनलिकांचे पाणी जडच असते. अर्थात आजारी माशाला औषध पुरेसे मिळत नाही, पण हौदातील असंख्य जिवाणूंना त्याची सौम्य मात्रा दिवसेंदिवस मिळत राहते.

यात दुसरेही नुकसान आहे. गाळणीतील खडीवर व हौदाच्या भिंतींवर काही उपकारक जिवाणू असतात. ते विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट व पुढे नायट्रेट बनवितात. औषधाने हेही जिवाणू मरू शकतात. मग अमोनिया वाढतो, मासे अधिकच आजारी पडतात आणि मालक आणखी कॅप्सूल टाकतो. खर्च वाढत जातो, मासे मात्र हाती लागत नाहीत.

न जुमानणारे जिवाणू कसे निपजतात?

ज्वारीच्या शेतातील टपोरी कणसे आपण बियाण्याकरिता राखून ठेवतो. चांगल्या बियाण्याचा वाण असाच वर्षानुवर्षे टिकतो. औषधाची अपुरी मात्रा जिवाणूंच्या बाबतीत नेमके हेच काम करते. लाखो जिवाणूंत एखादा असा असतो की, त्यावर औषधाचा परिणाम होत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो. अनुकूल स्थितीत काही जिवाणूंची संख्या अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होते. म्हणजे थोड्याच दिवसांत सारा हौद त्याच्याच वंशाने भरून जातो. आपण नकळत औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंचे बियाणेच राखलेले असते.

याहून गंभीर गोष्ट ही की, हा गुण वंशापुरताच राहत नाही. शेजारी शेजाऱ्याला बांधावरून बियाणे देतो, त्याप्रमाणे एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला हा गुण देऊ शकतो. १९५९ साली जपानमधील शास्त्रज्ञांना आमांशाच्या जिवाणूंत हा प्रकार आढळून आला. माशांना छळणारा एरोमोनास आणि माणसाच्या आतड्यात राहणारा जिवाणू यांच्यातही अशी देवघेव होऊ शकते. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच, १९४५ साली, अपुऱ्या मात्रेपासून संभवणाऱ्या या धोक्याची सूचना दिली होती.

हौदापासून घरापर्यंत

हा धोका केवळ कल्पनेतला नव्हे. ब्रिटनमध्ये शोभेचे मासे व ते ज्या पाण्यातून येतात ते पाणी तपासण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एरोमोनास जिवाणूंच्या ९४ नमुन्यांपैकी ४७ नमुने १५ किंवा त्याहून अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. ऑस्ट्रेलियात २००३-०४ मध्ये साल्मोनेला जातीच्या जिवाणूमुळे काही लोकांना जुलाब व ताप आला. या रोगाचा संबंध घरातील माशांच्या काचपेट्यांशी असल्याचे आढळले. रुग्णांत लहान मुले होती, आणि त्या जिवाणूवर अनेक औषधे चालत नव्हती.

माशांसाठी वापरली जाणारी टेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन ही औषधे माणसाच्या उपचारांत लागणाऱ्या औषधांच्याच घराण्यातील आहेत. कोलिस्टिन हे तर गंभीर रुग्णांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कुक्कुटपालन, मत्स्यसंवर्धन व पशुखाद्य यांकरिता त्याच्या विक्रीस व वापरास मनाई केली. आज हौदात वाया घालविलेले औषध उद्या आपल्याच घरातील तापाने फणफणलेल्या मुलाला लागू पडले नाही, तर तो तोटा कोणत्या नफ्यातून भरून काढणार?

रोग येऊ नये म्हणून

१. नवीन आणलेले मासे किमान दोन ते तीन आठवडे वेगळ्या हौदात ठेवावेत. त्यांच्यासोबत आलेले पिशवीतील पाणी आपल्या हौदात ओतू नये.

२. पाच ते दहा मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. उरलेले त्याच दिवशी काढून टाकावे.

३. दर आठवड्यास तळचा गाळ नळीने ओढून काढावा व हौदातील पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे असावे. नळाचे पाणी असल्यास त्यातील क्लोरीन उडून जाईपर्यंत ते उघडे ठेवावे.

४. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत असल्यास प्राणवायू कमी आहे असे समजून हवेचा पंप चालवावा व हौदातील दाटी कमी करावी.

५. प्रत्येक हौदाची जाळी वेगळी ठेवावी. ते शक्य नसल्यास १० लिटर पाण्यात ७ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर विरघळवून जाळी तासभर त्यात बुडवावी. नंतर स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावी.

रोग आल्यास

आजारी मासे तात्काळ वेगळे करावेत. मूळ हौदातील पाणी थोडेथोडे बदलावे व खाद्य कमी करावे. गोल्डफिश, गप्पी, मॉली यांना दर १,००० लिटर पाण्यास ३ किलो खडेमीठ हळूहळू मिसळल्यास आराम मिळतो. असे खारे पाणी झाडांना मात्र घालू नये.

एवढ्याने मरतूक थांबली नाही तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तपासणीकरिता मेलेला नव्हे, तर आजारी पण जिवंत मासा त्याच हौदाच्या पाण्यात घालून न्यावा. शिरगाव (रत्नागिरी), नागपूर व उदगीर येथे मत्स्य महाविद्यालये आहेत. कोणत्या औषधाने जिवाणू मरतो याची चाचणी झाल्यावरच औषध निवडावे. ते सल्ल्याप्रमाणे, शक्यतो खाद्यातून व सांगितलेले सर्व दिवस द्यावे. मासे बरे दिसू लागताच औषध मध्येच बंद करू नये. मासे बाहेरगावी पाठविताना पिशवीत सावधगिरी म्हणून प्रतिजैविक मुळीच टाकू नये.

टाकाऊ पाण्याची व्यवस्था व स्वतःची काळजी

रोगट हौदाचे पाणी नाल्यात, ओढ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात सोडू नये. गाळ बसू देऊन ते वेगळ्या टाकीत घ्यावे. दर १,००० लिटरला ६० ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळावी, दोन-तीन दिवस उन्हात उघडे ठेवावे व मग विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असलेल्या शोषखड्ड्यात सोडावे. मेलेले मासे चुना टाकून खोल पुरावेत.

पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नये. हाताला जखम असल्यास हातमोजे घालावेत. काम संपताच हात साबणाने धुवावेत. हौदाची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत व मुलांना हौदाच्या पाण्यात खेळू देऊ नये. बोटांवर किंवा हातावर बरी न होणारी गाठ अथवा व्रण दिसल्यास डॉक्टरांना आपण माशांचे काम करतो हे आवर्जून सांगावे. माशांच्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूमुळे असा विकार होतो, आणि धंद्याची माहिती नसल्यास त्याचे निदान लांबते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संवर्धन केंद्रास भेट देताना प्रत्येक हौदामागे एक वही ठेवण्यास सांगावे. पाणी बदलल्याची तारीख, दिलेले खाद्य, मेलेल्या माशांची संख्या व वापरलेले औषध यांची नोंद तीत असावी. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की मरतूक कोणत्या चुकीनंतर सुरू होते हे मालकाच्या स्वतःच्याच ध्यानात येते. बहुतेक वेळी त्या नोंदीत दाटी, शिळे खाद्य किंवा न बदललेले पाणी आढळेल. हे दोष दूर करण्यास कॅप्सूल लागत नाही. बादली, नळी आणि नित्याची देखरेख एवढेच पुरे आहे.