मूल घरी केव्हा ठेवावे?

सकाळी मुलाला उठविताना आईच्या हाताला त्याचे अंग किंचित कढत लागते. नाक वाहत असते, डोळे लालसर दिसतात. मूल मात्र हसतखेळत असते. त्यास बालवाडीत धाडावे की घरी ठेवावे? आई रोजंदारीवर जाणारी असेल, तर हा प्रश्न त्या दिवसाच्या मजुरीचा होतो. उलट, मूल धाडले आणि तो आजार गोवराचा निघाला, तर पाळणाघरातील तान्ह्या मुलांच्या जिवाशी गाठ पडते. भारतात गोवराची पहिली लस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याहून लहान बालकांना त्या लसीचे संरक्षण नसते.

या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या चेहऱ्यावर शोधण्याची रीत सर्वत्र आढळते. मूल मलूल दिसले की घरी, टवटवीत दिसले की बालवाडीत. परंतु रोगाचा संसर्ग केव्हा होतो, हे मुलाच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. ते त्या त्या रोगाच्या स्वभावावरून ठरते.

रोगाचे वेळापत्रक

प्रत्येक संसर्गजन्य रोगास स्वतःचे वेळापत्रक असते. गोवराचे वेळापत्रक प्रथम स्पष्टपणे मांडले गेले ते १८४६ साली. त्या वर्षी उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. सुमारे ७,८०० वस्तीपैकी जवळजवळ ६,००० माणसे आजारी पडली. डॅनिश सरकारने तेथे पाठविलेल्या वैद्यांत पेटर पानुम हा तरुण डॉक्टर होता. बेटांवरील गावे विखुरलेली होती आणि लोकांचे येणेजाणे होडीने होत असे. त्यामुळे रोगी माणसाशी कोणाचा संबंध कोणत्या दिवशी आला, हे लोकांना नेमके सांगता येई. या तारखा ताडून पाहता पानुमला आढळले, की संसर्गानंतर साधारण १३ ते १४ दिवसांनी अंगावर पुरळ उठतो. तसेच १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, ते वृद्ध ६५ वर्षांनंतरही या साथीतून सुटले.

रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या अवधीस परिपाक काल म्हणतात. या कालाच्या अखेरीस, किंवा लक्षणे अगदी सौम्य असतानाच, पुष्कळ रोग पसरू लागतात. गोवराचा रोगी पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत रोग पसरवितो. या पहिल्या दिवसांत ताप, खोकला, वाहते नाक व लाल डोळे एवढीच चिन्हे असतात. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू हवेत २ तासांपर्यंत टिकू शकतात. संरक्षण नसलेल्या १० जणांचा रोग्याशी निकट संबंध आला, तर त्यांपैकी सुमारे ९ जणांना गोवर होतो.

किती दिवस घरी?

गोवर आल्यास पुरळ उठल्यापासून निदान ४ दिवस मुलास घरी ठेवावे. कांजिण्यांमध्ये दिवस मोजण्यापेक्षा फोड पाहावेत. शेवटचा फोड वाळून त्यावर खपली धरेपर्यंत संसर्गाचे भय असते. यास बहुधा ५ ते ७ दिवस लागतात. गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस घरी राहावे. डांग्या खोकल्यात योग्य प्रतिजैविक औषधाचे ५ दिवस पूर्ण व्हावे लागतात. औषध न दिल्यास खोकला सुरू झाल्यापासून ३ आठवड्यांपर्यंत संसर्ग संभवतो.

जुलाब व उलट्या थांबल्यावर निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. दोन दिवस गेल्यास अधिक चांगले. या काळात मुलास जलसंजीवनी पाजावी व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक असेल तर मूल घरी ठेवावे. औषध न देता २४ तास ताप आला नाही, म्हणजे तो उतरला असे समजावे. सकाळी औषध पाजून ताप उतरविला आणि मूल धाडले, तर औषधाचा अंमल सरताच दुपारी ताप पुन्हा चढतो. तोवर मूल इतरांबरोबर जेवलेले व झोपलेले असते.

जेथे घरी ठेवणे व्यर्थ

लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा पडसे होणे स्वाभाविक आहे. पडशाचा संसर्ग नाक वाहू लागण्यापूर्वीच सुरू झालेला असतो. म्हणून ताप नसलेल्या व खेळत्या मुलास केवळ पडशासाठी अडविल्याने साथ थांबत नाही. उवा झालेल्या मुलास तर घरी धाडण्याचे कारणच नाही. उपाय त्या संध्याकाळी करता येतो. खरजेवर पहिला उपचार झाला, की मूल दुसऱ्या दिवशी येऊ शकते.

हा विवेक महत्त्वाचा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर अंगणवाड्या उभ्या राहिल्या. तेथील गरम जेवण हा अनेक बालकांच्या दिवसातील मोठा आधार असतो. विनाकारण घरी ठेवलेले मूल त्या आहारास मुकते आणि आईचा रोजही बुडतो.

तीन प्रश्न

रोगाचे नाव ठाऊक नसता तीन प्रश्न विचारावेत. मूल इतरांबरोबर खेळू व जेवू शकेल काय? त्याच्याकडे लक्ष देताना सेविकेचे इतर बालकांकडे दुर्लक्ष तर होणार नाही? त्यास ताप, जुलाब, उलट्या किंवा तापासह पुरळ यांपैकी काही आहे काय? पहिल्याचे उत्तर 'नाही' किंवा उरलेल्यांपैकी एकाचेही 'होय' असेल, तर मूल घरी राहावे. मात्र मूल काही पिईनासे झाले, त्यास झटके आले, ते जागे करूनही जागे होईना, किंवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटास ४० वेळा वा अधिक चालू लागला, तर घरी न थांबता तत्काळ दवाखाना गाठावा.

आरंभी वर्णिलेल्या मुलाचे अंग खरोखरच तापलेले असेल, तर त्याने त्या दिवशी घरीच राहावे. पुढे पुरळ दिसल्यास सेविकेस व आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. हे कळविणे लाजेचे नाही. संसर्ग दिसण्यापूर्वीच पसरत असल्यामुळे मूल घरी ठेवणे हा अपुरा उपाय आहे. त्याला वेळेवर लस, साबणाने धुतलेले हात आणि एका घराने दुसऱ्यास दिलेली खरी बातमी यांची जोड हवी.